व्हेंडरचं बिल आल्यापासून पैसे जाईपर्यंत – प्रकल्प नोंदी

काम तसं साधं, व्हेंडरची बिलं वेळेवर पास होत नाहीत ती व्हायला हवीत. वरून आलेलं नाव मात्र भारी, 'बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट इनिशिएटिव्ह'. असंच काही कुणाच्या गळ्यात पडलं तर उपयोगी पडेल म्हणून घडेल तसं लिहून ठेवतोय. थिअरी इथे नाही, ती बाहेर पोत्याने मिळते.

४ जून

किकऑफ. परचेस, स्टोअर, अकाउंट्स, आयटी, सगळ्यांचे हेड आले होते. टूल (बिल एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरवायचं सॉफ्टवेअर) आधीच ठरलंय, लायसन्सही घेऊन झालीत, म्हणजे औषध आणून ठेवलंय आणि आता दुखतंय कुठं ते शोधायचं. असो.

मी एकच विचारलं की ही प्रोसेस कुणाची? परचेस म्हणालं पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, आमचा. स्टोअर म्हणालं माल उतरवून मोजणं आमचं. अकाउंट्स म्हणालं पेमेंट आमचं. तिघांचंही बरोबर आहे, पण बिल या टेबलावरून त्या टेबलावर जातं तो मधला प्रवास कुणाचाच नाही. शेवटी मिनिट्समध्ये 'प्रोसेस ओनर: स्टीअरिंग कमिटी' असं लिहिलं गेलं. मला पटलेलं नाही, कमिटी म्हणजे कुणीच नाही, पण पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून सोडलं.

११ जून

मॅपिंग वर्कशॉप. बीपीएमएनमध्ये, म्हणजे प्रोसेसचे नकाशे काढायच्या ठरलेल्या चिन्हांत, काढायचं ठरलं होतं. बीपीएमएन २.० आलं २०११ मध्ये, २०१३ पासून ते आयएसओचं स्टँडर्डही आहे, आणि त्यात एकट्या इव्हेंटचेच इतके प्रकार आहेत की हौशी माणूस हरखून जातो. आमचंही तेच झालं. भिंतभर चित्र, टायमर, मेसेज, एस्केलेशन, सगळं. स्टोअरचे सुपरवायझर बराच वेळ बघत उभे होते, मग म्हणाले, "साहेब, छान आहे, पण यात माझं चलान कुठंय?"

चलान नव्हतंच. कारण खोलीत बसलेले सगळे हेड होते, प्रोसेस कशी असायला हवी ते सांगत होते, आणि सुपरवायझर तर पाण्याची सोय बघायला आत आले होते.

तो नकाशा गुंडाळून ठेवला. आता फक्त गोल, चौकोन, डायमंड, बाण आणि प्रत्येक डिपार्टमेंटची एक लेन. एवढ्यात न बसणारं काही निघालं तर बघू. पूर्ण आठवडा गेला यात.

१७ जून

या वेळी वर्कशॉप नाही, थेट जाऊन शेजारी खुर्ची टाकून बसलो. अकाउंट्समध्ये ज्या मॅडम बिलं एंटर करतात त्यांच्याकडे ईआरपी (सगळ्या डिपार्टमेंटचं एकत्र सॉफ्टवेअर) उघडं, त्याच्या मागे दोन एक्सेल, आणि की-बोर्डच्या खाली एक जाड वही. वहीत परत पाठवलेली बिलं. रकाने त्यांनीच आखलेले: तारीख, व्हेंडर, कुणाकडे पाठवलं, का पाठवलं, परत कधी आलं. 'का' या रकान्यात 'पीओ नाही', 'जीआरएन नाही' (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद), 'नग जुळेना', 'रेट जुना', आणि एके ठिकाणी नुसतं 'परत तेच'.

विचारलं, हे सिस्टीममध्ये का नाही टाकत? "अहो, सिस्टीममध्ये 'होल्ड' एवढंच बटण आहे. का होल्ड ते लिहायला जागा कुठंय? आणि फोन तर मलाच येतात ना."

ही वही म्हणजे खरी प्रोसेस. झेरॉक्स मागितली, आधी जरा कां-कूं झालं (चुका शोधायला आलाय की काय), मग दिली. तुम्हीही असं काही करत असाल तर आधी वह्या शोधा. वही नसेल तर एक्सेल असतं, एक्सेल नसेल तर मेलबॉक्समध्ये फोल्डर असतं, कुठेतरी असतंच.

२४ जून

ईआरपीतून लॉग काढला, प्रोसेस मायनिंगसाठी, म्हणजे सिस्टीममधल्या नोंदींवरून काम खरंच कसं चालतं ते शोधायला. त्याला लागतं काय तर तीनच गोष्टी: केस कुठली, काय झालं, कधी झालं. ऐकायला सोपं.

'कधी' ने आधी दमवलं. दोन डिपार्टमेंटचे एक्स्पोर्ट दोन फॉरमॅटमध्ये, एकात दिवस आधी आणि एकात महिना आधी, त्यामुळे बारा तारखेपर्यंतच्या नोंदी गुपचूप उलट्या झाल्या आणि तेराच्या पुढच्या टेक्स्ट म्हणून तशाच राहिल्या. कळलं कधी, तर बिल यायच्या आधीच पैसे गेलेले दिसायला लागले तेव्हा. म्हणून एक्स्पोर्ट आला की आधी उलट क्रमाच्या केस शोधायच्या, मगच पुढे जायचं.

मग लक्षात आलं की जीआरएनची वेळ ही माल आल्याची वेळ नाहीच. स्टोअर दिवसभर माल उतरवतं आणि संध्याकाळी एका बैठकीत सगळ्या एंट्र्या मारतं, कधी कधी दुसऱ्या दिवशी. म्हणजे लॉगवरून 'स्टोअर झटपट काम करतं' असं दिसतं, जे खोटंही नाही आणि खरंही नाही.

तिसरी भानगड केसची. बिल नंबर धरला तर दोन व्हेंडरचे नंबर सारखे निघतात, म्हणून व्हेंडर कोड आणि बिल नंबर जोडून घेतला. पण एका बिलावर तीन पीओ, एका पीओवर चार बिलं, हे आहेच. ओसीईएल नावाचा लॉग फॉरमॅट, ज्यात एक नोंद एकाच वेळी बिल, पीओ अशा अनेक गोष्टींना जोडता येते, नेमका याच दुखण्यासाठी निघालाय, आमच्या टूलला तो चालत नाही. बिल हीच केस धरली आणि पीओच्या बाजूचे आकडे सरळ सोडून दिले.

२ जुलै

घोडं कुठं पेंड खातंय ते दिसलं. एका बिलावर प्रत्यक्ष हात चालतात ते सगळे मिळून काही मिनिटं, बाकीचे दिवसच्या दिवस ते नुसतं पडून असतं. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हे की पडून असतं ते साहेबांच्या सहीसाठी नाही. सगळे सहीकडे बोट दाखवत होते, पण सरळ वाटेने जाणारी बिलं तशी बऱ्यापैकी जातात. रखडतात ती एकदा परत फिरलेली, आणि एकदा फिरलेलं बिल बहुतेक वेळा दुसऱ्यांदाही फिरतं. सरासरी काढली असती तर हे दिसलं नसतं, दोन वेगळे ढीग एकात मिसळले असते.

वहीतलं 'परत तेच' वालं बिल मुळापासून काढलं, ते इथे सविस्तर लिहितो कारण पुढचं सगळं यावरच ठरलं. पीओवर १० बॉक्स. एका बॉक्समध्ये २४ नग. स्टोअरने माल उघडून मोजला आणि जीआरएन केला २४० नगांचा. व्हेंडरचं बिल आलं १० बॉक्सचं. सिस्टीमला दिसलं १० आणि २४०, लागलं होल्ड. अकाउंट्सने परचेसला मेल टाकला. परचेस म्हणालं माल तर बरोबर आलाय, स्टोअरला विचारा. स्टोअर म्हणालं मी मोजलेत, २४० म्हणजे २४०. मग परचेसच्या मुलाने सरळ मनाने पीओच दुरुस्त केला, १० बॉक्सचे २४० नग केले. रेट मात्र बॉक्सचाच राहिला. पीओची रक्कम झाली २४ पट, त्यामुळे ती त्याच्या साहेबांच्या मर्यादेबाहेर गेली आणि दुरुस्तीची फाइल पोचली थेट सगळ्यात वरच्या साहेबांकडे, ते दौऱ्यावर. ते आले, रक्कम बघून भडकले, फाइल परत. इकडे व्हेंडर रोज फोन करतोय अकाउंट्सच्या मॅडमना, ज्यांचा यात काडीचा संबंध नाही.

यातल्या कुणीही कामचुकारपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि बिल भिजत पडलं.

६ जुलै

वरच्या मिटिंगमध्ये 'टूल आलं की सगळं जुळेल' हे पुन्हा ऐकलं म्हणून फोर्डचं उदाहरण सांगितलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत फोर्डच्या बिलं चुकवणाऱ्या डिपार्टमेंटमध्ये ५०० च्या वर माणसं होती. कॉम्प्युटर लावून २० टक्के कमी करू असा बेत होता. मग त्यांनी माझदाकडे बघितलं, तिथे हेच काम ५ माणसं करत होती. माझदा लहान कंपनी, मान्य, पण तो हिशेब धरूनही फरक कुठच्या कुठे जात होता. फोर्डने मग जुनं काम जलद करायचा नाद सोडला, बिलच काढून टाकलं. माल दारात आला की ऑर्डरशी ताडायचा, जुळला तर पैसे. आधी १४ गोष्टी जुळवत होते, नंतर तीन: पार्ट नंबर, युनिट आणि सप्लायर कोड. माणसं ७५ टक्क्यांनी कमी लागली.

त्या तिनातलं 'युनिट' बघा. आमचं बिल नेमकं तिथेच अडकलंय, आणि आमचं टूल काय करणार तर तेच न जुळणारं बिल इकडून तिकडे जास्त वेगाने फिरवणार. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गो-लाइव्हची (टूल प्रत्यक्ष सुरू करायची) तारीख तशीच ठेवली.

२२ जुलै

फ्लो बांधताना अप्रूव्हल किती ठेवायची यावर गुऱ्हाळ. 'ही सही काढू का' असं विचारलं की कुणीही हो म्हणत नाही. म्हणून प्रश्न बदलला: तुम्ही शेवटचं बिल कधी नाकारलं आणि कशावरून नाकारलं? ज्यांना लगेच आठवलं त्यांची सही ठेवली, ते खरंच काहीतरी बघतात. दोघांना काहीच आठवेना. त्यांची सही काढून 'माहितीसाठी' नोटिफिकेशन ठेवलं, मानही राहिला आणि बिलही थांबत नाही. हा प्रश्न ढापा बिनधास्त, फार कामाचा आहे.

१२ ऑगस्ट

पायलट सुरू झालं. डॅशबोर्ड पहिल्या आठवड्यातच हिरवागार, वर सगळे खूश. मला शंका आली कारण फोन कमी झालेले नाहीत.

१९ ऑगस्ट

शंका खरी निघाली. काय काय निघालं ते जसं सापडलं तसं.

प्रत्येक टप्प्याला दोन दिवसांचं घड्याळ लावलं होतं, वेळ संपली की वरच्याला मेल. लोकांनी दोन दिवसांत शिकून घेतलं की मुदत संपायच्या जरा आधी 'क्लॅरिफिकेशन' मागून बिल मागे ढकललं की आपलं घड्याळ शून्यावर येतं. म्हणजे आम्हीच खो द्यायचं बटण करून दिलं होतं. टप्पा हिरवा, बिल तिथेच.

रिमाइंडरचे मेल इतके की बऱ्याच जणांनी रूल लावून ते थेट एका फोल्डरात वळवलेत. त्यात एकाचं फोल्डरचं नाव 'नंतर'.

परत पाठवायचं कारण कंपल्सरी केलं होतं, ड्रॉपडाउन. ती यादी आम्ही मिटिंगमध्ये बसून बनवली होती, वही हातात असताना. सगळे 'इतर' निवडतात.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे अर्जंट बिलं टूलमध्ये येतच नाहीत, फोनवर पास होतात, पैसे जातात, आणि मागाहून एंट्री होते. ती एंट्री अर्थातच काही मिनिटांत सगळे टप्पे पार करते, सरासरी झकास येते.

२३ ऑगस्ट

फोनवरून पास करणाऱ्यांवर कारवाई करा असा सूर होता. आधी त्यातल्या एकाला जाऊन भेटलो, मेंटेनन्सचा माणूस. म्हणाला, "मशीन बंद आहे, पार्ट आज पाहिजे. तुमच्या फ्लोमध्ये पीओ झाल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मी काय करू, मशीनला सांगू थांब म्हणून?" याला उत्तर नाही. आमच्या नकाशात ब्रेकडाउन नव्हताच, आणि तो अपवाद म्हणावा इतका क्वचितही येत नाही.

म्हणून आडवाटेलाच रस्ता केला. ब्रेकडाउन असेल तर आधी खरेदी, पीओ दोन दिवसांत मागाहून, रकमेला मर्यादा, आणि कुणी किती वेळा वापरला ते सगळ्यांना दिसेल असं. सगळ्यांना दिसणं हीच अट चालते असं आत्तापर्यंत तरी दिसतंय, मर्यादेचं काही सांगता येत नाही कारण एका खरेदीची दोन बिलं करून घेणारे बहाद्दर असतातच.

५ सप्टेंबर

एका महत्त्वाच्या व्हेंडरने माल थांबवला. तीन महिन्यांची भाषणं जे करू शकली नाहीत ते या एका मेलने केलं. कमिटी बसली, उत्तर कुणी द्यायचं यावर टोलवाटोलवी झाली, आणि मग वरच्या साहेबांनीच विचारलं की मालक एक का नाही?

नाव घेतलं गेलं अकाउंट्सचं, बिल म्हणजे अकाउंट्स या हिशेबाने. मी इथे अडून बसलो. परत फिरणाऱ्या बिलांची कारणं जन्मतात पीओ बनतो तेव्हा आणि माल मोजतात तेव्हा. अकाउंट्सला फक्त ती दिसतात, त्यांना मालक केलं तर ते जास्त जोरात होल्ड लावतील, दुसरं त्यांच्या हातात काही नाही. ज्याच्या हातात कारण आहे त्याच्याकडे मालकी जायला हवी. शेवटी परचेस हेडकडे गेली, तीन गोष्टींसकट: बिल आल्यापासून पैसे जाईपर्यंतचा पूर्ण वेळ त्यांच्या अप्रेझलमध्ये, स्टोअरचा फॉर्म बदलायचा अधिकार, आणि टूलमधला फ्लो त्यांच्या सहीशिवाय बदलायचा नाही. ते खूश नव्हते. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःहून वहीची झेरॉक्स मागवली.

१८ सप्टेंबर

दुरुस्त्या. टप्प्याटप्प्याची घड्याळं काढली, पूर्ण बिलाला एकच घड्याळ, परत पाठवलं तरी थांबत नाही. ड्रॉपडाउन वहीतल्या शब्दांनी भरलं, 'नग जुळेना' हे शब्द जसेच्या तसे. पीओच्या दुरुस्तीला नव्याने अप्रूव्हल फक्त रक्कम वाढत असेल तरच. रिमाइंडर आठवड्यातून एक, त्यात जुनं झालेलं बिल आणि ते आत्ता कुणाच्या टेबलावर आहे तेवढंच.

आणि आयटम मास्टर, म्हणजे सिस्टीममधली सगळ्या वस्तूंची मूळ यादी. एका बॉक्समध्ये किती नग हे मास्टरमध्ये नसेल तर पीओची ती ओळ बनूच नये अशी अट टाकली. टाकायला एक दुपार लागली. तीच वस्तू तीन स्पेलिंगने तीन कोडखाली, 'बॉक्स', 'पेटी' आणि 'पॅक' वेगवेगळे, कधी १२ चं पॅक कधी २४ चं, हे साफ करायला मात्र अख्ख्या प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे, प्लॅनमध्ये त्याची ओळसुद्धा नव्हती. चालू व्हेंडरच्या वस्तू आधी घेतोय, बाकीच्या ऑर्डर येईल तशा.

३ ऑक्टोबर

जुना ढीग. ओव्हरटाइम लावून एकदा साफ करू असं ठरत होतं. लिटलचा नियम सांगितला, जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला: पडून असलेली बिलं म्हणजे रोज येणारी गुणिले सरासरी लागणारे दिवस. समजा रोज ४० येतात आणि ४८० पडून आहेत, तर एक बिल सरासरी १२ दिवस घेतंय, डॅशबोर्ड बघायची गरजच नाही. ओव्हरटाइमने ४८० चे १०० होतील, पण परत फिरायची कारणं तीच राहिली तर थोड्या दिवसांत ये रे माझ्या मागल्या. ओव्हरटाइम लावलाच, पण युनिटवाल्या वस्तू साफ झाल्यावर, आणि तारीख ठरवून: त्या तारखेआधीची बिलं जुन्या पद्धतीने संपवायची, नंतरची फक्त टूलमध्ये. दोन्हीकडे एंट्री अजिबात नाही, त्यात माणसं पार वैतागतात.

२१ ऑक्टोबर

काही बिलं गायब. टूलमध्ये 'अप्रूव्हलसाठी पेंडिंग' आणि कुणालाच दिसेनात. शेवटी सापडली नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॉगिनमध्ये, आयटीने नियमाप्रमाणे अकाउंट बंद केलेलं आणि फ्लो त्याच्या नावाला बांधलेला. आता फ्लोमध्ये माणसाचं नाव कुठेच नाही, पदाचं आहे, आणि प्रत्येक पदाला बदली माणूस भरल्याशिवाय सेव्ह होत नाही. दौऱ्यावर गेलेल्या साहेबांचा प्रश्नही यातच सुटला.

११ नोव्हेंबर

आता दर सोमवारी अर्धा तास बसतो, परचेस हेड चालवतात. डॅशबोर्ड उघडायचा नाही असा नियम केलाय. फक्त सगळ्यात जुनी दहा बिलं, एकेक घेऊन, हे का परत फिरलं आणि असंच दुसरं फिरू नये म्हणून काय बदलायचं. पडून असलेल्यांचा आकडा फळ्यावर, तो खाली येतोय, मधे एका आठवड्यात चढला होता (नवीन व्हेंडरच्या वस्तू मास्टरमध्ये न घालता घाईत पीओ काढले, अटीला बगल देऊन 'इतर साहित्य' या कोडखाली. तो कोड आता बंद).

मॅडमची वही अजून आहे. आता त्यात परत पाठवलेली बिलं नाहीत, टूलमध्ये जी कारणं बसत नाहीत तेवढीच लिहितात, आणि महिन्यातून एकदा त्यातून ड्रॉपडाउन सुधारतो.

बाकी राहिलंय ते सर्व्हिसच्या बिलांचं. तिथे माल नाही, जीआरएन नाही, काम झालं की नाही हे ज्याने करून घेतलं त्यालाच माहीत, आणि तो सही करायला महिना लावतो. त्याचा मालक परचेस हेड होऊ शकत नाहीत, कारण इथे कारण त्यांच्या हातात नाही. काम करून घेणाऱ्या डिपार्टमेंटच्या हेडना सोमवारी बोलावलंय.